चुकाऱ्याचे पैसे आणि पत्त्यांचा डाव

भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या धानाच्या गावात पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. धान निघतो, आधारभूत खरेदी केंद्रावर त्याचे माप होते आणि मग कधीतरी चुकारे खात्यात पडतात. तोवर कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे पीककर्ज आणि किराणा दुकानातली वही यांवर घर चालते. चुकारा जमा झाल्याचा मेसेज आला की वर्षभरात कधी नसते एवढी रक्कम एकदम हातात दिसते. तिच्यातला बराचसा भाग आधीच कोणाच्या तरी देण्याचा असतो. पत्ते खेळताना पैशाबद्दलच्या भावना कशा आवराव्यात, यावर जगभर पुस्तके लिहिली गेली आहेत आणि प्रयोगही झाले आहेत. ते सगळे धानाच्या पट्ट्यातून वाचले तर त्यातले निम्मे उपयोगी पडते आणि निम्मे लागूच होत नाही.

पत्ते इथे नवे नाहीत. पोळ्याच्या सुमारास आणि दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत तीन पत्तीचे डाव बसतात आणि पोलिसांच्या धाडीही पडतात. ‘५२ तास पत्त्यांवर हार-जीतचा जुगार’ हे वाक्य विदर्भातल्या वर्तमानपत्रांच्या वाचकाला पाठ असते. शंकरपटात बैलजोड्यांवर, कोंबडबाजारात कोंबड्यांवर आणि सट्टापट्टीत आकड्यांवर पैसा लागतो. पोकर मात्र पारावरून आला नाही, तो मोबाइलमधून आला. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, अड्डा५२, पोकरबाजी अशी नावे शहराबाहेरही पोचली, आणि शाहिद कपूरसारखा नट जाहिरातीत दिसू लागला. तीन पत्ती येणाऱ्याला ब्लाइंड, चाल, पॅक हे शब्द तोंडपाठच होते. टेक्सास होल्डेम प्रकारात दोन पत्ते स्वतःच्या हातात, पाच पत्ते सगळ्यांसाठी टेबलावर उघडे आणि बोलीच्या चार फेऱ्या. नियम संध्याकाळभरात समजतात.

नियम समजले तरी एक गोष्ट अंगवळणी पडायला वर्षे जातात. बरोबर निर्णय घेऊनही माणूस हरतो, आणि वारंवार हरतो.

सर्वांत मोठा हात म्हणजे दोन एक्के. तो सरासरी २२१ डावांतून एकदा येतो. समजा, एका तरुणाला तो आला. समोरच्याकडे दोन राजे आहेत. पत्ते उघडण्याआधीच दोघांनी सगळा पैसा मध्ये लावला. इथे एक्केवाला शंभरातून साधारण ८२ वेळा जिंकतो. चार पत्ते उघडले, काही बिघडले नाही. पाचवा पत्ता उघडला आणि तो राजा निघाला. तरुणाने कुठेच चूक केली नव्हती. शंभरातल्या त्या अठरा वेळांपैकी ही एक होती, इतकेच. पण त्याला ते तसे जाणवत नाही. कान तापतात, समोरच्याने लुबाडले असे वाटते, आणि पुढच्याच डावात एरवी टाकून दिले असते अशा सत्ती-दुरीवर तो पैसे लावतो. पहिल्या डावातला तोटा नशिबाचा होता, दुसऱ्या डावातला त्याचा स्वतःचा. पोकरमध्ये भावना आवरणे म्हणतात ते या दोन डावांमधल्या दहा-पंधरा सेकंदांत घडते किंवा घडत नाही.

या अवस्थेवर फिनलंडमधले संशोधक युसी पालोमाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरेच काम केले आहे. ऑनलाइन पोकर खेळणाऱ्यांच्या अनुभवकथनांवर आधारलेला त्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडूंच्या सांगण्यात पैसे गेल्याच्या दुःखाइतकीच अन्यायाची भावना ठळक होती: आपण नीट खेळलो, तरी आपल्यावर अन्याय झाला. मग हिशेब चुकता करण्याची धडपड सुरू होते. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात अनुभवी खेळाडू झालेल्या डावाचा विचार करताना स्वतःला कोसत बसण्याऐवजी निर्णय तपासताना दिसले, आणि त्यांचे निर्णय गणिताच्या कसोटीवर अधिक बरोबर ठरले. राग त्यांनाही येतो. त्या रागाला ते डावाचा ताबा देत नाहीत.

त्याआधी, १९७९ मध्ये, डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी दाखवून दिले होते की माणसाला मिळालेल्या रकमेचा आनंद आणि तेवढीच रक्कम गमावल्याचे दुःख सारखे नसते. पुढच्या मोजमापांत दुःखाचे वजन आनंदाच्या सुमारे दुप्पट भरले. काहनमनना २००२ मध्ये नोबेल मिळाले. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये आणखी दोन गोष्टी दाखवल्या, आणि पत्त्यांच्या अड्ड्यावर बसणाऱ्या कोणालाही त्या ओळखीच्या वाटतील. नुकताच जिंकलेला पैसा माणूस परका समजतो आणि तो मोकळ्या हाताने उधळतो. हरत असलेला माणूस एरवी धोका टाळत असला, तरी ‘आतापर्यंत गेलेले सगळे एका झटक्यात परत’ अशी संधी दिसली की तिच्यावर झडप घालतो.

या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच प्रकरणात घडल्याचे उदाहरण एकोडीच्या शेजारच्याच जिल्ह्यातले आहे. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका बुकीच्या घरावर छापा घातला. कोट्यवधींची रोकड, किलोंनी सोने आणि त्याहून कितीतरी अधिक चांदी सापडल्याने ते प्रकरण देशभर गाजले. तक्रार होती नागपूरच्या एका व्यापाऱ्याची. पोलिसांनी सांगितल्यानुसार, त्याला ऑनलाइन खेळाचे खाते उघडून देण्यात आले होते. सुरुवातीला तो जिंकत गेला, आकडा पाच कोटींच्या घरात पोचला. त्यानंतर हरणे सुरू झाले आणि एकूण गमावलेली रक्कम ५८ कोटींवर गेली. खेळच बनावट होता, असा त्याचा आरोप आहे. आरोपाचा निवाडा न्यायालयाचा. पण पाच कोटींच्या जिंकण्यापासून ५८ कोटींच्या हरण्यापर्यंतची वाट थेलर-जॉन्सन यांच्या निष्कर्षांबरहुकूम आहे. व्यापारी म्हणजे पैशाचा हिशेब रोज करणारा माणूस. त्यालाही मध्येच थांबता आले नाही, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण ‘शिकलेला, व्यवहारी माणूस वाहवत जात नाही’ हा समज गावात आणि शहरात सारखाच घट्ट आहे.

विदर्भाकडे या प्रश्नाची फार जुनी गोष्ट आहे. महाभारताच्या वनपर्वातला नळ हा विदर्भाचा जावई. दमयंतीचे माहेर कुंडिनपूर, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातले वर्धेकाठचे कौंडण्यपूर, असे मानले जाते. नळ भाऊ पुष्कराशी फाशांचा खेळ मांडतो आणि महिनोन्महिने हरत राहतो. प्रजा आणि मंत्री दाराशी येतात, दमयंती विनवते, त्याला ऐकू येत नाही. तेव्हा ती एक व्यवहारी गोष्ट करते. नवऱ्याचे मन वळवण्याच्या मागे न लागता सारथी वार्ष्णेयाला बोलावते आणि दोन्ही मुलांना रथात घालून माहेरी रवाना करते. राज्य अजून पुरते गेलेले नसते. जे वाचवायचे ते तिने खेळाच्या आवाक्याबाहेर नेऊन ठेवलेले असते.

कथेचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. राज्य गमावलेला नळ वेष पालटून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी होतो. विदर्भाकडे भरधाव जाताना ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याच्या फांद्यांवर पाने किती, फळे किती हे सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, उतरतो, मोजून पाहतो, आणि आकडा बरोबर निघतो. ऋतुपर्णाला मोजण्याची आणि फाशांची विद्या अवगत असते. अश्वविद्येच्या बदल्यात नळ ती घेतो, आणि त्याच क्षणी त्याच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडतो. फासे त्या काळी बेहड्याच्या फळांचे असत. नागझिऱ्याच्या बाजूच्या जंगलात आजही उभे असलेले तेच झाड. कथाकाराने कली बाहेर काढण्यासाठी यज्ञ किंवा शाप-उःशाप योजला नाही, संख्येचे ज्ञान योजले. पोकरच्या आजच्या शिक्षकांचे पहिले सांगणेही हेच आहे: शक्यता मोज, मग निकालाचा दंश कमी होतो.

मोजण्याची ही शिस्त पैशालाही लावावी लागते. क्रिस फर्ग्युसन या अमेरिकी खेळाडूने २००६ मध्ये शून्यापासून सुरुवात करून दहा हजार डॉलर जमवण्याचा प्रयोग केला. त्याचा नियम साधा होता: रोखीच्या खेळात जवळच्या एकूण रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त घेऊन टेबलावर बसायचे नाही, आणि टेबलावरची रक्कम एकूण पुंजीच्या दहा टक्क्यांवर गेली की उठायचे. उठण्याची अट हरण्याला नव्हे, जिंकण्याला लावलेली, ही त्यातली खुबी. मानसशास्त्राच्या अभ्यासक मारिया कोनिकोवा यांनी एरिक साइडेल या मुरलेल्या खेळाडूकडे शिकून २०२० मध्ये पुस्तक लिहिले. ॲनी ड्यूक यांनी २०१८ च्या पुस्तकात निकालावरून निर्णयाची किंमत ठरवण्याच्या सवयीवर नेमके बोट ठेवले. सगळ्यांच्या सांगण्यातले समान धागे असे: हरण्याची मर्यादा बसण्याआधी ठरवा, वेळेची मर्यादाही ठरवा, प्रत्येक बैठकीची नोंद वहीत ठेवा, दारू पिऊन किंवा घरात भांडून आल्यावर बसू नका, मोठा डाव हरल्यावर उठून चक्कर मारा.

कौशल्य असूनही शिस्त नसली की काय होते, याची साक्ष स्टू उंगरची. त्याने पोकरची जागतिक मालिका १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा जिंकली. नोव्हेंबर १९९८ मध्ये लास व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलमध्ये तो मृत सापडला. वय ४५, जवळ काही शे डॉलर. पत्त्यांत त्याच्या तोडीचे फार थोडे होते. जिंकलेला पैसा इतर जुगारांत आणि अमली पदार्थांत गेला. आर्ची कारस या दुसऱ्या जुगाऱ्याने १९९२ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत पन्नास डॉलरचे चार कोटी डॉलर केले आणि ते सगळे परत घालवले.

आता हीच शिस्त एकोडीच्या हिशेबात मांडून पाहावी. जाणते खेळाडू रोखीच्या खेळासाठी किमान वीस ते तीस बैठकींचा पैसा बाजूला ठेवायला सांगतात. दहा-वीस रुपयांच्या ब्लाइंडच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीला लावाव्याच लागणाऱ्या रकमेच्या, टेबलावर एका बैठकीला दोन हजार रुपये लागतात. म्हणजे चाळीस ते साठ हजार रुपये असे हवेत, की ते सगळे बुडाले तरी घरातल्या कोणाचे काही अडू नये. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. साठ हजार म्हणजे पंचवीस क्विंटल धान, आणि तेही नांगरणी, रोवणी, खत, फवारणी, कापणी यांचा खर्च वजा न करता. एका बैठकीचे दोन हजार म्हणजे अख्खे ८४ किलो धान. लहान शेतकऱ्याच्या घरात एवढा मोकळा पैसा नसतोच. जो असतो त्यावर सोसायटीचे, दवाखान्याचे, मुलीच्या वसतिगृहाचे नाव लिहिलेले असते.

भावना आवरण्याच्या सगळ्या तंत्रांचा पाया इथे ढासळतो. श्वास लांब घ्या, उठून चक्कर मारा, शक्यता मोजा, हे सगळे त्या माणसाला जमते ज्याचा गेलेला पैसा खरोखर गेला तरी चालणार असतो. खताच्या पैशाने खेळणाऱ्याचा हात थरथरतो, कारण भीती खरी असते. ती मनाची दुर्बलता नव्हे. त्याचे मन त्याला बरोबर माहिती देत असते, आणि त्या माहितीकडे दुर्लक्ष करायला शिकवणारे तंत्र त्याच्या भल्याचे असूच शकत नाही. म्हणून ‘डोकं थंड ठेव’ हा सल्ला गरजेच्या पैशाने खेळणाऱ्याला देणे चुकीचे आहे. त्याला सांगायचे ते एवढेच, की या पैशाने बसू नकोस.

थंड डोक्याने खेळणाराही जिंकेलच असे नाही. प्रत्येक डावातून चालवणारा आपला वाटा काढतो. अड्ड्यावर त्याला नाल म्हणतात, ॲपवर रेक. खेळणाऱ्या सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर तेवढ्याने तो कायम तोट्याचा. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के कर उगमातच कापला जाऊ लागला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळात टाकलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला.

कायद्याची बाजू बराच काळ संदिग्ध होती. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ चा, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले. पोकरबाबत उच्च न्यायालयांत एकमत झाले नाही: कर्नाटकात २०१३ मध्ये खेळाच्या बाजूने निर्णय, तर गुजरातमध्ये २०१७ मध्ये तो जुगार ठरला. गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांच्या खेळांना आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या कॅसिनोंना वाट मोकळी केली, त्यामुळे मांडवीतल्या बोटींवर पोकरची टेबले लागतात. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला आणि कौशल्य की नशीब हा वाद बाजूला ठेवून पैशाचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद केले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, त्याला पीडित मानले आहे. सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी वीस हजार कोटी रुपये यात गमावतात, असा अंदाज सरकारने तेव्हा मांडला. खेळणाऱ्याला गुन्हेगार न ठरवण्याची भूमिका योग्यच आहे, कारण शिक्षेच्या भीतीने माणूस घरी सांगत नाही, आणि घरी न सांगितलेले कर्जच सर्वांत वेगाने वाढते.

बंदीने ॲप गेले म्हणून सवयही गेली असे समजण्याचे कारण नाही. बेकायदा परदेशी संकेतस्थळे आहेत, गावाबाहेरचे अड्डे आहेत, आणि त्याच मोबाइलवर शेअर बाजाराचे फ्युचर्स-ऑप्शन्सही आहेत. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांतले ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात होते, एकत्रित तोटा १.८ लाख कोटींहून अधिक, आणि असे व्यवहार करणाऱ्यांतले ७२ टक्के लोक पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे. सलग तोटा होऊनही पाऊण हिश्शाहून जास्त लोकांनी व्यवहार सुरूच ठेवले. शेअर बाजार म्हणजे जुगार नव्हे. पण गेलेले परत काढण्याची तगमग दोन्हीकडे एकच आहे, आणि तिथे ‘गुंतवणूक’ हे नाव मिळाल्याने ती घरच्यांच्या नजरेतून सहज सुटते.

खेळ कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, याच्या खुणा वैद्यकशास्त्राने लिहून ठेवल्या आहेत. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीत जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या शेजारी नेऊन बसवला गेला. गेलेला पैसा परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणे, किती हरलो हे घरी खोटे सांगणे, मन खिन्न असले की खेळाकडे धावणे, रक्कम वाढवल्याशिवाय मजा न येणे, थांबायचे ठरवून पुन्हा पुन्हा फसणे, खेळासाठी दुसऱ्यापुढे हात पसरणे: अशा नऊ खुणांपैकी वर्षभरात चार आढळल्या तर तो विकार मानतात. त्यावर समुपदेशन आणि मानसोपचार आहेत, आणि त्यांचा उपयोग होतो. या टप्प्यावर पोहोचलेल्या माणसाला पैशाच्या शिस्तीचे धडे देऊन भागत नाही. तेव्हा दमयंतीने केले तेच घरच्यांनी करायचे असते: चुकाऱ्याचे खाते आई किंवा बायकोच्या सहीशी जोडणे, बियाण्याचे पैसे आधी भरून टाकणे, सातबारा आणि दागिने हाताशी न ठेवणे, आणि बाहेरची देणी किती आहेत याचा कागद एकदा सगळ्यांसमोर मांडणे.

केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. खेळणाऱ्यानेच फोन करायला हवा असे नाही. त्याची आई, बायको, भाऊ किंवा मित्र यांनीही करावा, आणि कर्ज फुगेपर्यंत थांबू नये.